माश्या बांधणारे नाना

आमचे नाना कुठलंही जनावर आधी मागून बघतात. रस्त्यात गाय बसलेली दिसली की लोक तिच्या तोंडाशी चारा धरतात. नाना वळसा घालून शेपटीकडे जातात, गोंडा बोटांत धरून चोळतात आणि मान हलवतात. वरातीत सगळ्यांचं लक्ष नवरदेवाकडे, नाना घोडीच्या मागे. नाना म्हणजे माझे सासरे. आणि हे चालू असताना चार पावलांवर ओढणीने तोंड झाकून उभी असते, ती मी.

निवृत्त माणसं माश्या मारतात, आमचे नाना माश्या बांधतात. नोकरीत असताना त्यांची ओख्याला बदली झाली होती. तिथे बंदराच्या कामावर आलेल्या कुणा परदेशी इंजिनिअरने त्यांना हे वेड लावलं. गळाच्या आकड्यावर दोऱ्याने केस आणि चंदेरी जर अशी बांधायची, की समुद्रातल्या माशाला ती मासोळी वाटावी, नाहीतर झिंगा. याला म्हणायचं माशी.

तयार केस विकत मिळतात, पण ते नानांना चालत नाहीत. "केस श्वास घेतो का, ते बघायचं असतं," ते म्हणतात. म्हणजे पाण्यात ओढला की मिटला पाहिजे आणि थांबवला की फुलला पाहिजे. बोकडाच्या पाठीवरचा लांब केस श्वास घेतो. वासराच्या शेपटीचा कुरळा असतो, ओला झाला तरी चिकटून बसत नाही. घोड्याचा ताठ, तो फक्त झिंग्याच्या मिशांना. हरणाच्या शेपटीचा सर्वांत उत्तम म्हणतात, पण त्याला कायद्याने बंदी, आणि नाना जन्मभर सरकारी नोकर. तो विषय घरात निघत नाही.

आता बडोद्यात समुद्र कुठून आणणार? म्हणून न्हाणीघरातल्या बादलीत मीठ घालून परीक्षा. एकदा त्याच पाण्याने मी डोक्यावरून अंघोळ केली. नानांनी माझ्या केसांकडे जाणकाराच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "माणसाचा केस मिठात टिकत नाही."

तरसालीला एक भरवाड शेळ्या घेऊन बसतो. त्याच्याकडे मला स्कूटरवरून न्यायला लावतात. पहिल्यांदा त्याने विचारलं, "काका, बकरी लेवी छे?"

"ना भाई, खाली वाळ." म्हणजे फक्त केस.

त्याने नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरी कुणी सांभाळणारं आहे का, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

दर हिवाळ्यात नाना कचेरीतल्या जुन्या मित्रांबरोबर ओख्याला जातात. मित्र होडीतून गळ टाकतात, नाना एकटेच खडकांवरून. परत आले की हात फाकवून दाखवतात, "एवढा लागला होता."

"मग?"

"सोडून दिला."

आमची अकोट्यातली सोसायटी कडक शाकाहारी. त्यामुळे माझ्या नवऱ्याने, सतीशने, शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, की नाना शोभेच्या वस्तू करतात. खालच्या मजल्यावरच्या कोकिलाबेननी एकदा त्या वस्तू पाहिल्या आणि हरखून म्हणाल्या, "भाई, मने काननी आवी जोड बनावी आपो ने." नाना नाही म्हणायला शिकलेलेच नाहीत. आकड्याचं टोक कापून, पांढरा बोकडाचा केस आणि चंदेरी जर लावून त्यांनी झकास कानातलं करून दिलं.

कोकिलाबेन ते घालून सत्संगाला गेल्या. तिथे कुणाचा तरी भाचा आला होता, तो म्हणाला, "मासी, आ तो माछली पकडवानुं छे." आणि केस कशाचे, तेही त्याने ओळखलं.

संध्याकाळी कानातलं स्टीलच्या वाटीतून परत आलं. वाटी माझ्या हातात देऊन कोकिलाबेन तशाच खाली उतरल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागले, कुणी भेटू नये म्हणून. सतीश म्हणाला, "विसरतील त्या." नाना म्हणाले, "मेघना, माझ्याबरोबर चल. एकट्याने मला जमायचं नाही."

कोकिलाबेन हिंडोळ्यावर बसल्या होत्या. नाना उभेच राहिले. गुजरातीत म्हणाले, "बेन, चूक माझी. खरं सांगायला हवं होतं."

"तुम्ही मारता त्यांना?"

"नाही. सोडतो."

"आणि तोंडात रुततं ते?"

मी जमिनीकडे बघत राहिले. नानांनी खिशातून डबी काढली आणि उघडून समोर धरली. ओख्याला न्यायच्या माश्या होत्या. सगळ्यांची टोकं कापलेली.

"रुतत नाही," ते म्हणाले. "सतीशच्या आईच्या शेवटच्या आजारपणात नाकातून नळी घातली होती. ती ओढून काढायची. नर्स म्हणाली, हात धरून ठेवा. मी धरून ठेवायचो. त्यानंतर ओख्याला गेलो, एक मासा लागला आणि डोकं झटकायला लागला. मला बघवेना."

"मग तो एवढा मासा?" माझ्या तोंडून गेलं.

"ते तुम्हा लोकांसाठी. मित्रांसाठी." त्यांनी डबी मिटली. कान लाल झाले होते. "हसतील ना गं. मासा येतो, बघतो, तोंडात धरतो. खोटं कळलं की सोडून जातो. आकड्याला टोक नसलं की केसच चांगला लागतो, नाहीतर तो येतच नाही."

कोकिलाबेननी पायाने हिंडोळा थांबवला. "बेसो, भाई," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा झाला. कोकिलाबेननी दारापर्यंत येऊन लिफ्टचं बटण दाबलं. आत शिरल्यावर नाना मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "सतीशला सांगू नकोस."

"नाही सांगणार, नाना."

लिफ्ट हलली.

"मी तिचे हात धरायला नको होते," ते म्हणाले. "नाही का?"

आमचा मजला आला, दार उघडलं. आम्ही दोघं आतच उभे राहिलो.