दोन बोटी आम्हाला बघायला आल्या

आमच्या खाडीकाठी माणसं बोट निवडत नाहीत, बोट कुटुंब निवडते. त्याप्रमाणे त्या रविवारी दोन बोटी आम्हाला बघायला आल्या.

दोघी पांढऱ्या, निळ्या पट्ट्याच्या, सहा माणसांच्या. इंजिनही सारखंच. ट्रॉलीवरून उतरून त्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. माझ्या बायकोने, सुमेधाने, पाणी विचारलं. नको म्हणाल्या, रोजचंच आहे.

मी तयारीत होतो. वर्षभर बोटींवरची मासिकं वाचून मी घरात कप्तान झालो होतो, म्हणजे तसं मीच म्हणत होतो. पांढरी टोपीही आणली होती. आमची ऋचा जूनमध्ये शिकायला नागपूरला जाणार होती. तिघांनी एकदा समुद्रावर जायचं, हे मी तिला ती तिसरीत असताना कबूल केलं होतं.

"पोहता येतं?" डावीकडच्या बोटीने मला विचारलं.

"थिअरी पक्की आहे."

"घरात निर्णय कोण घेतं?" उजवी म्हणाली.

"चर्चेने होतात," मी म्हणालो. ऋचाने आईकडे पाहिलं.

दोघी आपसात काहीतरी कुजबुजल्या. मग डावी म्हणाली, "कुटुंब चांगलं आहे. आम्ही दोघी तयार आहोत. आमच्यातली एक सांगा."

"तुमच्यात फरक काय?"

"काहीच नाही. समुद्रात समोर खडक आला की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. तिथे लगेच सांगावं लागतं."

मी जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयात आहे. मी दोघींभोवती फिरलो. दोघींवर टकटक करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे, असं म्हणालो आणि बोललोही.

"आपण एव्हाना बुडालो," डावी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"बाबा, सांग ना," ऋचा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. "तुला काय वाटतं?" असं विचारलं.

"डावी," सुमेधा म्हणाली, मेथीची जुडी उचलावी तसं.

डावीने तिथल्या तिथे तिला कप्तान म्हणून पसंत केलं. मी टोपी काढून दिली. सुमेधाला ती बरोबर बसली. मला जरा ढिलीच होत होती. बोटीत मलाही जागा होती. पुढे बसावं की मागे, हे मी बघत असताना मायलेकी डावीत बसून निघून गेल्या.

अंगणात उजवी तशीच उभी होती.

"तुम्ही नाही गेलात?"

"आणखी दोन कुटुंबं आली आहेत सांगून," ती म्हणाली. "दोन्ही चांगली आहेत. चार वर्षं ठरतच नाहीये."

मी तिला म्हटलं, आमच्याकडेच थांबा तोवर. विचार करते, असं म्हणून ती थांबली. मग दर रविवारी मायलेकी डावीतून समुद्रावर जायच्या आणि मी अंगणात उजवीत बसायचो.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी ऋचा आईबरोबर गेली नाही. शिडी लावून उजवीत चढली, माझ्या शेजारी बसली आणि सुकाणू धरलं.

"कुठे जायचं?" उजवीने विचारलं.

"तुम्ही सांगाल तिथे," ऋचा म्हणाली.

मी आणि उजवी संध्याकाळपर्यंत विचार करत बसलो. ऋचाने एकदाही घाई केली नाही. अंगणात सावल्या लांबल्यावर ती म्हणाली, "छान झाली आपली सफर."

उतरताना तिने मला हात दिला. मला बोट लागली होती.