बगळा तेवढा बेल्मोरचा

मुहूर्ताला अर्धा तास उरला होता, नवरी भोरच्या मंगल कार्यालयाच्या दारात पोचली होती, आणि गाडीचं एकही दार उघडत नव्हतं.

गाडीत दोघंच होते. चालकाच्या जागी नवरीचे वडील धनाजीराव आणि मागे शालू नेसलेली प्रगती. बाहेर बँडवाले, उत्रोलीचे व्याही हैबतराव आणि अक्षता घेऊन थांबलेला गाव. हैबतरावांनी कडी ओढली, भटजींनी ओढली, मग बँडमधल्या ढोलवाल्याने पाय लावून ओढली. दार ढिम्म.

तशी ही गाडी दारं सहज उघडावीत म्हणून बनवलेलीच नव्हती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनाजीरावांचा शेळ्यांचा धंदा. त्यात बरकत आली तशी त्यांनी पुण्यातून बेल्मोर कंपनीची एक जुनी, उंची मोटार आणली. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या टपावर फणस पडला. फणस गेनबाच्या झाडाचा, आणि गेनबा सोसायटीच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलचा. तेव्हा धनाजीरावांनी या प्रकाराला अपघात मानायला साफ नकार दिला. "हल्ला हाय ह्यो," ते म्हणाले आणि गाडी कापूरहोळला याकूब मिस्त्रींच्या गॅरेजात नेऊन उभी केली.

याकूबभाईंनी पोलादी पत्रे ठोकले. त्या वजनाने स्प्रिंगा बसल्या, म्हणून खाली टेम्पोचा सांगाडा घातला. मूळचं इंजिन ते धूड ओढेना, म्हणून टेम्पोचंच इंजिन आलं. बिजागऱ्या निखळल्या, तेव्हा भंगारात निघालेल्या बँकेच्या रोकड नेणाऱ्या गाडीची दारं आली. काचा विटेएवढ्या जाड, कायमच्या बसवलेल्या. शेवटी बेल्मोरचं म्हणून पुढची जाळी आणि तिच्यावरचं कंपनीचं चिन्ह, चांदीचा बगळा, एवढंच शिल्लक राहिलं.

"याकूबभाई, टेम्पो ह्यो शब्द पुन्ना तोंडातनं काढायचा न्हाई," धनाजीरावांनी बजावलं होतं. त्याला कारण होतं. उत्रोलीची मंडळी प्रगतीला बघायला आली, ती मुलीपेक्षा जास्त वेळ बगळ्यापाशी उभी होती. तिथे प्रत्येकाने फोटो काढून घेतला होता.

आता प्रगतीने बाहेर हैबतरावांना फोन लावला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून सगळ्यांच्या मधे धरला, म्हणजे बोलणं सोपं झालं आणि झाकणं अवघड.

"व्याही, कंपनीला फोन लावा की," हैबतराव म्हणाले. "एवढी मोठी कंपनी हाय. मानूस धाडंल."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. धनाजीरावांनी आपल्या मोबाईलवरून बेल्मोरची मदतवाहिनी लावली. अश्विनी नावाच्या मुलीने फार अदबीने गाडीच्या सांगाड्याचा नंबर विचारला. तो त्यांनी शक्य तेवढ्या पुटपुटत सांगितला.

"सर, हा नंबर आमच्याकडे नाही. मालवाहू वाहनाचा दिसतोय."

"रेंज न्हाई हितं," धनाजीराव म्हणाले.

"मला स्पष्ट ऐकू येतंय सर. गाडीत बेल्मोरचं नक्की काय आहे?"

धनाजीरावांनी काचेतून पुढच्या जाळीकडे पाहिलं. "बगळा."

"बगळ्यासाठी आम्ही माणूस पाठवत नाही सर," अश्विनी म्हणाली आणि शुभदुपार चिंतून गेली.

बाहेर कुजबूज सुरू झाली. हैबतराव एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. "मला मगाशीच शंका आलती. आवाज काय मोटारीचा वाटंना."

"व्याही, परदेशात एका राष्ट्राध्यक्षाची गाडी हाय," धनाजीरावांनी सुरू केलं. "खालनं ट्रक, दारं विमानासारखी जड. नाव तेवढं मोटारकंपनीचं. त्याला कुणी म्हंतं का, तुमी ट्रकात बसून आलाय म्हनून? वरती ज्याचं चिन्ह, त्याची गाडी."

"बरुबर हाय," हैबतराव म्हणाले. "पर त्यो खाली उतरत असंल की."

"बाबा, त्याच्या गाडीत नवरी बी नसती," प्रगती मागून म्हणाली.

तेवढ्यात कुणीतरी घण आणला. ढोलवाल्याने काचेवर घाव घातला. घणाचा दांडा मोडला, काचेवर ओरखडासुद्धा नाही. "बगितलं?" धनाजीराव खुलून म्हणाले. आपण आतल्या बाजूला आहोत हे त्यांच्या क्षणभर ध्यानात राहिलं नाही.

मग त्यांनी याकूबभाईंना फोन लावला.

"मालक, दार नगा उघडत बसू," याकूबभाई म्हणाले. "मागचं हाय न्हवं, ते... आता कसं सांगू? त्या ह्याला मागं असतंय बगा, तसलं..."

"याकूबभाई, गप."

"गप तर गप. निघालोच मी मोटारसायकलवर."

धनाजीरावांना सगळं कळलं होतं. कळायला काही उरलंच नव्हतं. मागच्या सीटची पाठ पुढे ओढली की पलीकडे टेम्पोचा फाळका, म्हणजे मागची खाली पडणारी फळी होती. फाळक्याच्या कड्या बाहेरून होत्या, झेंडूच्या माळांखाली. कुणीही माळा बाजूला करून कड्या काढल्या असत्या, तर प्रगती जिना उतरावा तशी उतरली असती. फक्त मग सगळ्या उत्रोलीला दिसलं असतं की धनाजीरावांनी लेक टेम्पोतून आणली.

बाहेर भटजी घड्याळ बघत पुढे आले. "मुहूर्त टळू द्यायचा नसेल तर एक उपाय आहे. नवरदेव बॉनेटसमोर उभा करू. अंतरपाट काचेवर धरू. हार वायपरला अडकवू."

प्रगतीने मुंडावळ्या सावरल्या. "चालंल," ती म्हणाली. "लावा काचंतनंच." आवाज शहाण्या मुलीचा होता, पण धनाजीरावांनी आरशात पाहिलं तर काजळ गालापर्यंत आलं होतं.

त्यांनी पुन्हा फोन लावला.

"याकूबभाई, सांग."

"काय सांगू मालक?" मागे वाऱ्याचा आवाज होता.

"त्यो शब्द."

"कुटला? टेम्पो?"

"व्हय," धनाजीराव म्हणाले, आणि मग प्रगतीच्या हातातल्या फोनकडे तोंड करून सावकाश, सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाले, "व्याही, टेम्पो हाय ह्यो. मागं माळंखाली कड्या हायत. फाळका पाडा."

फाळका धाडकन पडला. याकूबभाईंनी तो उलटा बसवला होता, त्यामुळे काळा रंग खाली गेला आणि आधीच्या मालकाची अक्षरं वर आली. 'जपून. आत अंडी आहेत.'

प्रगती पदर सावरून त्या अक्षरांवरून खाली उतरली. आधी प्रगतीच हसली, मग मंडळीही मोकळेपणाने हसली. बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं. धनाजीराव मागून वाकून उतरले, ते कुणाकडे न बघता मांडवात गेले. लग्न वेळेवर लागलं.

जेवणं झाल्यावर हैबतराव त्यांना बाजूला घेऊन गेले. धनाजीरावांनी मान खाली घातली.

"व्याही, राग नगा मानू," हैबतराव घुटमळत म्हणाले. "चार दिस झाले आमी काळजीत हाय. तुमी पोरीला कपाट दिलंय, पलंग दिलाय. न्यायचं कशात? लगीनसराईत कुनाचा टेम्पो मिळंना. तुमच्या बेल्मोरला इचारायचं धाडस न्हवतं. तिला कसं म्हनायचं, कपाट घे म्हनून?"

धनाजीरावांनी मान वर केली. "किती दारी कपाट?"

"तीन दारी."

"मंग आडवं घालायला लागंल. पलंग अगुदर. हिकडं आना, मी दावतो."

संध्याकाळी प्रगती पुढच्या सीटवर, शेजारी नवरदेव. याकूबभाईंनी तोवर पोचून पुढची दारं खोलून दिली होती, तेच गाडी चालवायला बसले. मागे कपाट, पलंग, भांड्यांची पिंपं आणि उत्रोलीची निम्मी मंडळी. धनाजीरावांनी डोळे पुसले, फाळका उचलून दोन्ही कड्या स्वतः घातल्या, त्या बसल्यात का हे ओढून पाहिलं, आणि पत्र्यावर दोनदा थाप मारून म्हणाले,

"हां, जाऊ द्या."