भास्करभाऊंचे टॅबसाहेब

आमच्या शेजारचे भास्करभाऊ माणसांना ‘बे’ म्हणतात आणि यंत्रांना ‘साहेब’. दूधवाला, पोस्टमन, स्वतःचा सख्खा जावई, सगळे बे. पण घरातला मिक्सर अडला की त्याच्यापुढे हात बांधून उभे राहतात. "काय झालं साहेब? काऊन रुसले?" चिखलीच्या एका कचेरीत जन्मभर हेडक्लार्की केली, त्याचा हा परिणाम असावा. तिथल्या साहेबांचाही कामावर फारसा विश्वास नव्हता म्हणे.

यंत्रविद्येत भाऊंचा सिद्धांत एकच. "बंद कर, चालू कर. सारं सुधरते." या सिद्धांतापायी गल्लीतली पाण्याची मोटार जळाली, तरी भाऊ ठाम. "मोटारच नालायक होती बे!"

त्यांचा खरा जीव मुलाने पुण्याहून पाठवलेल्या टॅबवर. मंगलावहिनी नातवाला सांभाळायला मुलाकडे गेल्या, तेव्हा भाऊंनी गल्लीभर जाहीर केलं, "घर कसं थंडगार झालं! आता कोनी टोकत नाही." तेव्हापासून टॅब सदानकदा मांडीवर.

एके सकाळी टॅबवर अपडेटची सूचना आली. वरून आदेश आला म्हटल्यावर भाऊंनी मान लववून बटण दाबलं. अपडेट काही संपेना. साहेबांचं काम रेंगाळतंय म्हणताच भाऊंनी सिद्धांत लावला आणि टॅब मध्येच बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उगवलं, मावळलं, परत उगवलं. साहेब त्यापुढे जाईनात.

"काय बे मास्तर, पोट्टे शिकवतो ना तू? पाह्य याले," मला हुकूम झाला.

मी त्यांना चिखलीच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, सारं पुसून नव्यानं टाका लागीन."

"पुसाले तुह्या बापाची पाटी हाय का बे?" भाऊ कडाडले.

खामगावच्या दुकानातही तेच उत्तर मिळालं, आणि तेच भांडण झालं. परतताना एसटीत मी वैतागून विचारलं, "भाऊ, एवढं आहे तरी काय त्यात?"

"सरकारी गोष्टी हायेत. तुले नाही समजनार."

रिटायर होऊन जमाना झाला, आणि यांच्याकडे म्हणे सरकारी गुपितं! मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी आल्यावर मी माझ्या मोबाइलवर शोधाशोध केली. टॅबचं पॉवरचं आणि आवाजाचं बटण एकदम दाबून धरलं की दुरुस्तीची यादी उघडते, असं कळलं. उघडली. त्यातली एक ओळ सगळं पुसणारी होती, दुसरी फक्त साठलेला तात्पुरता कचरा काढणारी. मी दुसरीवर आलो, तोच भाऊंनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, पक्कं ना? काई पुसल्या त नाही जाईन?"

मी बटण दाबलं. चिन्ह उगवलं आणि काही वेळाने टॅब चक्क सुरू झाला.

भाऊंनी तो हिसकावून घेतला आणि आधी काय उघडलं असेल? लुडो! अर्धवट डाव होता. भाऊंच्या लाल सोंगट्या अजून वाटेतच, हिरव्या जवळजवळ सगळ्या घरी पोचलेल्या. फासा टाकायची पाळी हिरव्याची.

मला हसू आवरेना. "यासाठी खामगाव गाठलं? अहो, टाका तो फासा, हरा आणि मोकळे व्हा!"

"मी कसा टाकू? पाळी मंगलाची हाय," भाऊ म्हणाले. "तेवढ्यात पोराचा फोन आला, अन् थे बॅग भराले उठली."

माझं हसू तोंडातच राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला या हेकट माणसाची माया वाटली.

भाऊंनी पुण्याला फोन लावला आणि नेहमीसारखे ओरडले, "अवं, चालू झाला थो! तुहा डाव तसाच हाय."

पलीकडून वहिनी काहीतरी म्हणाल्या.

"हाव, हाव. मीच हरून राह्यलो, माहीत हाय मले." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "त ये ना मंग जिकाले."