गोठणाऱ्या बाटल्यांचे दामूअण्णा

दामूअण्णांनी माझ्या आमटीत पहिल्यांदा थर्मामीटर बुडवला तेव्हा मी नवी नवरी होते. सांगलीत आमच्या बिऱ्हाडाशेजारी ते एकटेच राहत आणि हायस्कुलात रसायन शिकवत. मी हबकून सासूबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "धुतलेला असतो गं. वाढ तू."

मग कळलं, हा माणूस कशातही थर्मामीटर घालतो. चहात, बंबात, चुन्यात. भिंतींना सफेदी करायला चुन्याची कळी भिजवली की हे पिंपाशेजारी ठाण मांडून! "बघा वहिनी, खाली विस्तव नाही आणि रटरटतंय! ही ऊर्जा कळीतच दडून होती." माझं लुगडं शिंतोड्यांनी भरलेलं, मी काय डोंबल बघणार? आळीतल्या बायका तर ते दिसले की पोरं पदराआड घेत. न जाणो, काखेत काय खुपसेल!

"उष्णता वेगळी, तापमान वेगळं!" हे त्यांचं पालुपद. "काडीची ज्योत बंबातल्या पाण्यापेक्षा कितीतरी तापलेली. पण तिच्यावर आंघोळ होईल का?" नाही होणार, हे मलाही कळत होतं. पण तसं तोंडानं म्हटल्याशिवाय ते दारातून हलत नसत.

लढाईच्या दिवसांत, ऐन थंडीत, माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. एवढीशी, हातपाय गारठलेले. सुईण गंगूबाई पलूसची. म्हणाली, "आवं, पोरीला ऊब पायजे. ऊब तुटली तर न्हाई ऱ्हायची." कोळसा मिळेना, शेगडीत लाकडं घातली तर धुरानं पोर गुदमरे. गरम पाण्याच्या बाटल्या बघता बघता निवत. मी रडून रडून अर्धी झाले.

दामूअण्णांनी सायकल काढली, मिरज गाठली आणि तिथल्या फोटोवाल्याकडून, फोटो धुवायला लागतात ते हायपोचे खडे आणले. दिसायला थेट खडीसाखर. ते बाटल्यांत भरून गरम पाण्यात वितळवले, बाटल्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पोरीच्या दोन्ही अंगांना ठेवल्या. थोड्या वेळानं सासूबाईंनी फ्लॅनेल उघडून पाहिलं, तर आतलं गोठायला लागलेलं!

"मेल्या, गोठलेलं काय लावतोस पोरीला?"

"काकू, गोठतंय म्हणूनच ऊब देतंय! वितळताना जेवढी उष्णता खाल्ली, तेवढी आता परत देणार. पुरतं गोठेपर्यंत काळजी नको."

गंगूबाईनं बाटलीला गाल लावला. "व्हय की! लय झ्याक ऊब हाय!"

तीन आठवडे हेच. शाळेला जाताना बाटल्या बदलायच्या, मधल्या सुट्टीत धावत यायचं, घंटेला परत पळायचं. एरवी सासूबाई बदलत. त्यांना आता ते शास्त्र असं चढलं होतं की भाजीवालीलाही समजावत. पण दामूअण्णांनी पोरीला कधी बोटसुद्धा लावलं नाही. घ्या म्हटलं की मागं सरायचे. "नको, माझे हात गार असतात हो."

बारसं उशिरानं, दोन महिन्यांनी केलं. पोरीनं चांगलं बाळसं धरलं होतं. दामूअण्णा दारातच घुटमळत होते. मी सरळ आत ओढलं, पाटावर बसवलं आणि पोर त्यांच्या मांडीत ठेवली. माणूस भेदरून ताठ! बायका तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. तेवढ्यात पोरीनं त्यांचं बोट घट्ट धरलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, हिचा हात माझ्यापेक्षा गरम आहे."

एवढंच म्हणाले आणि चक्क रडायला लागले. मग डोळे न पुसताच हसले. "आजवर मला कुणी मूल घ्यायला दिलंच नव्हतं हो." खिदळणाऱ्या बायकांनी तोंडावरचा पदर डोळ्यांना लावला. मला भरून आलं, आणि आनंदही तेवढाच झाला.

नणंद नाव ठेवायला पाळण्याशी खोळंबली होती. गंगूबाई म्हणाली, "आवं मास्तर, द्या की पोरगी आता!" पण दामूअण्णा काही बोट सोडवून घेईनात.

मी नणंदेला म्हटलं, "बस गं जरा. पाळणा कुठं पळून जातोय?"