दिग्रसच्या अंजिरांची मोहीम

विघ्नहर्त्याचे स्मरण करून आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीस मुजरा करून, कसबे दिग्रस येथे अंजिरांवरून जे रण माजले ते जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तेही किसनरावांची लाज राखण्यापुरतेच, आणि तितके पुरले नाही.

शके अठराशे ब्याऐंशी, फाल्गुन मास. राजमान्य राजेश्री किसनराव, सरकी काढणाऱ्या जिनाचे मुकादम, कापूस चिमटीत धरून त्याची जात सांगणारे, घरी मात्र साखरेच्या डब्यास विचारून हात लावणारे, यांचे परसात अंजिराचे झाड प्रथमच लगडले. इतक्यात मारेगावाहून निरोप आला की चिरंजीव सौभाग्यवती कौसल्या पहिलटकरीण, तीस अन्न गोड लागत नाही, माहेरच्या झाडाच्या अंजिरांचे डोहाळे लागले आहेत, आणि पाडवा उलटल्यावर ती बाळंतपणास येणार. बापाने तुळशीपुढे पाणी सोडून शब्द दिला, की लेकीचे डोहाळे पुरवीन तरच नावाचा किसनराव.

मग बुलबुलांची फौज झाडावर उतरली आणि मुंग्यांनी बुंध्यास वेढा दिला. मसलत बसली. किसनरावांचे कुटुंब इंदूबाईसाहेब, त्यांनी अर्ज गुजारला, "झाडावरच पिकू द्या न जी! कायले घाई करून राह्यले?" हुजुरांनी तो फेटाळून फर्मान काढले, की आंब्याची आढी घालतो, सीताफळाची घालतो, अंजिराने आमचे काय घोडे मारले? आणि आढीस तणस नको, मुकादमाच्या घरी कापूसच शोभतो! मग हाती लागली तितकी हिरवी फळे तोडून, जिनातला पांढराशुभ्र कापूस मागून आणून, कोठीत थरावर थर रचिले, आणि देठांचा चीक लागून हुजुरांचे हात कोपरापर्यंत खाजू लागले तरी मिशीवरचा ताव उतरला नाही.

पाडवा तोंडावर आला तेव्हा कोठी उघडली. तो काय अनर्थ! अंजीर एकही पिकले नव्हते. सारी सुरकुतली होती, आणि चिकास कापूस चिकटून एकेक फळ पांढऱ्या दाढीचा बुवा झाले होते. जिनात ही खबर पोचताच हमालही तोंडात गमछा कोंबून हसले. किसनराव परसात मटकन बसले. "पोरीले आता काय तोंड दाखवू वं?" इतकेच बोलले, आणि खरोखर रडले.

त्या प्रसंगी इंदूबाईसाहेबांनी पदर खोचून सरदारी हाती घेतली. शेंड्याकडच्या फांद्यांवर हुजुरांचा हात पोचला नव्हता, म्हणून तेथील फळे वाचली होती. बाईसाहेबांनी जुन्या झंपरांच्या पिशव्या शिवून त्या फळांवर चढविल्या, आणि फळाची मान लवून अंग मऊ झाले म्हणजेच उतरवायचे असा शिरस्ता घातला. पिकले अंजीर दोन दिवसही दम धरीत नाही, सबब उतरले की चुलीवर, साखरेच्या पाकात, वर लिंबू आणि वेलची. किसनरावांस झारा हलविण्याची कामगिरी मिळाली, आणि चव घेण्याची सक्त मनाई. त्यांनी दोन्ही हुकूम पाळले, हे लिहिताना आम्हांसही नवल वाटते.

कौसल्याबाई आल्या. भाकरीस मुरंबा लावून पहिला घास घेतला, मग दुसरा, मग बशी पुसून म्हणाल्या, "आई, अजून हाय का वं?" किसनरावांनी भिंतीकडे तोंड फिरवून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

मग बाईसाहेबांचा हुकूम जाहला की कलम खरे चालवावे, म्हणून लिहिले ऐसे: अंजिरांच्या मोहिमेत सौभाग्यवती इंदूबाईसाहेबांची फत्ते जाहली. गनीम किसनराव शिकस्त खाऊन पाडाव झाले. त्यांस जीवदान देऊन बरण्या धुण्याच्या चाकरीस ठेविले. गनीम खुशीत आहे.