ताईच्या पत्रातली अठरा वाक्यं

मत्सर हा प्रकार आमच्या घराण्यातच नाही! हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत वाचून काही लोकांचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. माझ्या मावसबहिणीचं भलं व्हावं असं मला अगदी मनापासून वाटतं. फक्त ते माझ्या डोळ्यांसमोर होऊ नये, एवढंच.

ही मावसबहीण माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी आहे. अवघे तीन महिने! तेवढ्या भांडवलावर ती जन्मभराची 'ताई' झाली आणि मी 'छोटू'. आज माझी उंची सहा फूट आहे, ती माझ्या कोपरापेक्षा थोडीशीच वर येते, तरी छोटू मीच. आई आणि मावशीचा रोज सकाळी फोन होतो. "हो का? पहिली आली? वा वा!" असं म्हणून आई फोन ठेवते, माझ्याकडे बघते आणि एक लांब उसासा टाकते. अशा उसाशांवर मी लहानाचा मोठा झालो.

सार्वजनिक धोरण हा विषय मी कॉलेजात घेतला, तो ताई घेणार नाही या खात्रीने. तिने घेतला. मग सुट्टीतल्या सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी मी कुणाला न सांगता सर्वधर्मीय मंचाचं ऑफिस शोधून काढलं. पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून जातो, तर दारात ताई!

"अय्या, छोटू! तू पण?"

हे अख्ख्या ऑफिसने ऐकलं. संध्याकाळपर्यंत हजेरीच्या वहीतसुद्धा 'छोटू' चढलं होतं!

हा मंच म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. निरनिराळ्या धर्मांची माणसं तिथे एकत्र येतात आणि सगळ्यांच्या सोयीचा एखादा नियम किंवा कायदा व्हावा म्हणून सरकारच्या मागे लागतात. आम्ही विद्यार्थ्यांनी विधेयकं वाचायची, टिपणं काढायची, पत्रांचे मसुदे करायचे. त्या वर्षीची मागणी अशी होती, की प्रत्येक सरकारी रुग्णालयात एक शांत खोली असावी. कुणाला प्रार्थना करायची असेल, कुणाला नुसतं बसायचं असेल, तर दार लावून बसता येईल अशी. तसं पत्र कायदेमंडळाच्या आरोग्य समितीला द्यायचं होतं.

आणि ज्या विद्यार्थ्याचं पत्र जाईल, तोच समितीपुढे ते वाचणार होता! तीन मिनिटं! समोर माइक, पाण्याचा ग्लास आणि आपल्या नावाची पाटी. मला ती तीन मिनिटं हवी होती. आईने आयुष्यात एकदा तरी उसासा न टाकता फोन ठेवावा, याहून माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

मी अकरा पानं लिहिली. त्रेचाळीस तळटीपा! ताईने जेमतेम दीड पान लिहिलं. एकूण एकोणीस वाक्यं. मी मोजली.

मंचाच्या मॅडमनी दोन्ही वाचलं. माझं वाचताना त्यांनी मध्ये एकदा उठून खिडकी उघडली, एकदा बंद केली.

"ताईचं पत्र जाईल," त्या म्हणाल्या. "छोटू, तुझं फार अभ्यासपूर्ण आहे. ते आपण टिपण म्हणून फायलीत ठेवू."

फायलीत ठेवू! ताईने माझ्या पाठीवर थाप मारली. "मस्त लिहिलंयस रे. मी तर तळटीपा बघूनच घाबरले!" तिने मला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. पण ती खरंच बोलत होती, आणि तेच मला सोसत नाही.

आता मंचाचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्यावरच घडलं. कुठलंही पत्र मंचाच्या पाच प्रतिनिधींना वाचून दाखवायचं. ज्या वाक्यावर पाचांपैकी एकाचाही आक्षेप असेल, ते वाक्य तिथल्या तिथे खोडायचं. खोडायला मुभा आहे, नवीन घालायला नाही, कारण घातलं की पुन्हा पाचही दारं हिंडायची. आणि पत्रावर एकमत झालंच नाही, तर फायलीतलं टिपण समितीपुढे वाचायचं. टिपणाला कुणाची संमती लागत नाही, कारण टिपण कुणी वाचत नाही.

"छोटू, हे पत्र घेऊन तू फिर," मॅडम म्हणाल्या. "तुझे पाय लांब आहेत. उद्या संध्याकाळी द्यायचंय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पत्रात शून्य वाक्यं उरली, की माझी अकरा पानं आपोआप फायलीतून बाहेर! मी काही वाईट करणार नव्हतो. नुसता नियम पाळणार होतो, फक्त जरा जीव लावून.

पहिले पुजारीकाका. ते नळाखाली पितळेची भांडी घासत होते. वाचता वाचता मी एका वाक्यावर थांबलो.

"'खोलीच्या भिंती कोऱ्या असाव्यात.' काका, आक्षेप?"

"नाही बुवा."

"नीट विचार करा हं. कोऱ्या म्हणजे एकदम कोऱ्या. कुठे काही म्हणजे काही नाही. नुसता चुना."

काकांचा हात थांबला. "नुसता चुना? मग माणसाने बघायचं तरी कुठे?"

"तेच ना!"

"खोड ते."

तिथे चार वाक्यं गेली. मी शीळ घालतच इमामसाहेबांकडे पोचलो. ते अंगण झाडत होते.

"'खोलीत आरामशीर खुर्च्या असाव्यात.' आक्षेप?"

"खुर्च्या? असू देत की."

"भरपूर असतील. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत!"

"अरे, मग माथा टेकायला जागा कुठे राहणार?"

"तेच ना!"

तीन वाक्यं गेली. चर्चमधले फादर शिडीवर चढून दिवा बदलत होते. त्यांना 'प्रार्थनेला शब्दांची गरज नसते' हे वाक्य फारच आवडलं.

"सुंदर!" वरून आवाज आला.

"सुंदरच आहे," मी खालून म्हणालो. "फक्त तुमचं दर आठवड्याचं पाऊण तासाचं प्रवचन..."

फादर सावकाश शिडी उतरले. खाली येईपर्यंत तीन वाक्यांवर त्यांचे आक्षेप तयार होते!

बौद्ध विहारातल्या भन्तेंकडे मला काहीच करावं लागलं नाही. 'व्याकूळ आत्म्याला विसावा मिळावा' असं वाचलं. "आत्मा?" एवढंच म्हणून ते माझ्याकडे बघून हसले आणि गप्प बसले. दहा मिनिटं झाली, तरी ते आपले हसतायत! शेवटी मीच घाबरून ते वाक्य खोडलं, आणि त्याच्या शेजारची तीनही.

शेवटचे होते गुरुजी. कुठलाच धर्म न मानणाऱ्यांचाही मंचावर एक प्रतिनिधी असतो, ते हे निवृत्त विज्ञानशिक्षक. माझी सगळी भिस्त यांच्यावर! त्यांनी तर माझ्या हातातून पेनच काढून घेतलं.

"'आम्ही हृदयापासून विनंती करतो.' हृदयापासून? विनंती मेंदूपासून होते! खोड." सपासप चार वाक्यं गेली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यावरही त्यांचा आक्षेप असता.

एकोणिसातली अठरा गेली. उरलं एकच: 'आमच्या रुग्णालयांत रडायला जागा नाही, म्हणून माणसं जिन्यात जाऊन रडतात.'

या वाक्याने मला सकाळपासून छळलं होतं. प्रत्येक दारी मी ते खोडायचा आटोकाट प्रयत्न केला होता. पुजारीकाकांना म्हटलं, "जिना म्हणजे जरा हलकं वाटतं, नाही?" ते भांडं खाली ठेवून म्हणाले, "मागच्या वर्षी मीही बसलो होतो तिथे. चौथ्या पायरीवर. राहू दे." इमामसाहेबांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. फादर शिडीच्या खालच्या पायरीवरच बसले. भन्ते हसायचे थांबले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"गुरुजी, माणसं रडतात याला पुरावा काय?" मी शेवटचा डाव टाकला.

"हे निरीक्षण आहे," गुरुजी म्हणाले. "निरीक्षण खोडता येत नाही." आणि त्यांनी पेन परत दिलं.

मी ऑफिसात आलो ते चेहरा पाडूनच. वर 'विषय: शांत खोली मिळण्याबाबत', खाली पाच सह्या, आणि मध्ये ते एक वाक्य. तरी एकाच वाक्याला पत्र कोण म्हणेल, अशी आशा होतीच. दुसऱ्या हातात मी माझी फाइल तयार ठेवली होती.

मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"छोटू, तू काय केलंयस हे तुला कळतंय का?"

"मॅडम, मी फक्त नियम..."

"अरे, एकोणीस वाक्यं कोण ऐकणार होतं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं पत्र झालंय, की ज्याच्यावर पाचही जण मनापासून सही करतात. शाबास!"

ताईने तर माझा हातच धरला. "मला स्वतःला इतकं छान कापता आलं नसतं रे!"

म्हणजे दिवसभर वणवण फिरून, चप्पल झिजवून, मी तिचंच पत्र तासून तिच्या हातात दिलं होतं! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडाने मात्र "त्यात काय एवढं" म्हणालो.

समितीचा दिवस उजाडला. लांबलचक टेबल, त्यामागे नऊ सभासद, मधोमध कपाळावर चष्मा चढवलेले अध्यक्ष. ताई माइकसमोर. तिच्यापुढे पाण्याचा ग्लास आणि नावाची पाटी. मी मागच्या रांगेत, मंचाच्या पाचही प्रतिनिधींच्या शेजारी, मांडीवर पिशवी, पिशवीत अकरा पानं. कुणी सांगावं, वेळ आली तर!

ताईने ते वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला. आठ सेकंद! मी घड्याळ लावून बसलो होतो.

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"बाळ, तू कुणाला पाहिलंस जिन्यात रडताना?"

ताई घुटमळली. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी जीव तोडून मान आणि हात हलवत होतो, नाही, नाही, नाही! अध्यक्षांना वाटलं, मी हात वर करतोय.

"माझ्या छोट्या भावाला," ताई म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी आमचे आजोबा गेले तेव्हा."

आता लपवण्यात अर्थ नाही. त्या वाक्यातला माणूस मीच आहे. आजोबा गेले त्या दुपारी मी रुग्णालयाच्या जिन्यात बसून हंबरडा फोडला होता. येणारे जाणारे बघत होते, तेव्हा ताई माझ्यापुढे खालच्या पायरीवर उभी राहिली होती, मी कुणाला दिसू नये म्हणून. सहा फुटांचा मी आणि आडोसा केवढा, तर ताईएवढा! पण ती हलली नव्हती.

नऊ सभासद आणि पाच प्रतिनिधी माझ्याकडे बघायला लागले.

"यांची दोन मिनिटं बावन्न सेकंद शिल्लक आहेत," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

आली की वेळ! मी माइकपाशी गेलो. पिशवीतून अकरा पानं काढली, घसा साफ केला. पहिल्याच ओळीत 'रुग्णालय' हा शब्द होता. तिथपर्यंत पोचलो, आणि मला आजोबांची उशीखाली ठेवलेली कवळी आणि चष्मा आठवला. मी रडायला लागलो. साधासुधा नाही, चांगला नाक वाहेपर्यंत! तळटीपा भिजल्या.

अध्यक्ष गडबडून शिपायाला म्हणाले, "अहो, यांना जरा कुठेतरी खोलीत नेऊन बसवा."

शिपाई घुटमळला. "साहेब, तशी खोली नाहीये."

"मग?"

"जिना आहे."

आणि त्या भल्या माणसाने मला हाताला धरून, अदबीने, कायदेमंडळाच्या जिन्यात नेऊन बसवलं. थोड्या वेळाने ताई आली आणि खालच्या पायरीवर, माझ्यापुढे उभी राहिली.

"ती अठरा वाक्यं मी मुद्दाम कापून आणली," मी नाक पुसत म्हणालो.

"ठाऊक आहे. पुजारीकाकांचा फोन आला होता. म्हणाले, मुलगा फार कळकळीने आक्षेप विचारतो!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या मनापासून काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते."

तिच्या या चांगुलपणाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. शांत खोलीची मागणी त्याच दिवशी एकमताने मंजूर झाली. कामकाजाच्या नोंदीत ताईचं वाक्य आहे, आणि त्याखाली कंसात लिहिलंय, 'येथे छोटू यांनी प्रात्यक्षिक दाखवले'.

घरी जाऊन मी आईला सगळं खरं खरं सांगितलं आणि उसाशाची वाट बघत बसलो. आईने उसासा टाकला नाही. तिने लगेच मावशीला फोन लावला.

"अगं, ऐकलंस का?" आई मोठ्या आवाजात म्हणाली. "तुझ्या लेकीला आठच सेकंद मिळाले म्हणे! आमचा जवळजवळ तीन मिनिटं रडला!"

सांगितलं ना? आमच्या घराण्यात मत्सर नावालासुद्धा सापडायचा नाही!