सवतीची शनिवारची प्रत

डिस्क एकाच शनिवारपुरती लपवायची, त्याहून जास्त काही माझ्या मनात नव्हतं.

आमचे हे ऑफिसातला सर्व्हर सांभाळतात. दर शनिवारी, म्हणजे सुट्टीच्याच दिवशी, घरातली डिस्क घेऊन जातात आणि त्याच्या पोटात जे जे असेल त्याची हुबेहूब इमेज तिच्यावर उतरवून आणतात. उद्या तो बंद पडला, तर त्या इमेजवरून जसाच्या तसा उभा करता येतो म्हणे. काम चार तास चालतं आणि चारही तास हे त्याच्या शेजारी बसून असतात. मधूनमधून हात लावून बघतात, तापलाय का. (मला ताप आला तेव्हा थर्मामीटर कुठे आहे, हे मलाच विचारलं होतं.) खरीखुरी सवत असती तर निदान माझ्याबरोबर म्हातारी तरी झाली असती.

भांडण माझ्या स्वभावात नाही. देवापुढे बसून ठरवलं, हे माझ्यासाठी आठ दिवस रजा काढेपर्यंत स्वतःच्या चहात साखर घालायची नाही. तीन महिने झाले. देवालाही कामं असतात, म्हणून त्या शनिवारी मीच थोडा हातभार लावला आणि डिस्क देवघरात पोथीमागे ठेवली.

“अगं, डिस्क पाहिलीस का?”

खोटं न बोलण्याचंही माझं एक व्रत आहे. “घरातली वस्तू घरातच असणार,” मी म्हणाले.

दिवसभर यांनी कपाटं उपसली आणि मी मागे मागे. आम्ही दोघं इतका वेळ एका खोलीत कधी होतो, मला आठवेना. (मी मनातून खूश.) रविवारी डिस्क हळूच टेबलावर ठेवली. सोमवारी सर्व्हर बंद पडला.

संध्याकाळी हे चेहरा पाडून आले. डिस्कवर आधीच्या शनिवारची इमेज होती. सर्व्हर उभा राहिला, पण त्या शनिवारी होता तसा. नंतर भरलेलं सगळं गेलं.

“माझी रजासुद्धा,” हे म्हणाले. “बुधवारी साहेबांनी मंजूर केली होती. आठ दिवस. तुला समुद्रावर न्यायचं होतं, आयत्या वेळी सांगणार होतो.”

देवाने बुधवारीच ऐकलं होतं. शनिवारी मीच खोडलं.

मी सगळं कबूल केलं. यांनी डिस्क समईपासून किती लांब ठेवली होती, तेवढं विचारलं.

आता आठवडाभराच्या नोंदी पुन्हा भरून होईपर्यंत रजेचं नाव काढायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय. म्हणून रोज संध्याकाळी ऑफिसात जाऊन मी कागद वाचून दाखवते, हे भरतात. चार-चार तास शेजारी बसायला मिळतं. (मधे कोण असतं ते सांगायला नको.)

काल यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी चहा करून आणला. पहिल्यांदाच. दोन चमचे साखर घालून. माझे डोळे भरून आले. आता व्रताचं सांगावंच म्हणून तोंड उघडलं.

“कप जरा लांब धर,” हे म्हणाले. “त्याच्यावर सांडेल.”